सावलीचं ताट

झाकण. बाहेरून काळं, आतून तांबडं, कडेला एक टवका उडालेलं... आई ते खिडकीच्या उजेडात तिरकं धरून बघत होती, डोळे बारीक करून, बाजारात मासा ताजा आहे का ते बघते तसं — आणि मिझुएला कळलं की आता ते वाक्य येणार. परवा रात्री आलं होतं, काल तिन्ही वेळा आलं होतं, आणि आता सकाळच्या न्याहारीलाही येणार.

"थेंब धरलेत बघ, चांगले टपोरे," आई म्हणाली. "बरे आहेत हो तुझे यजमान."

बरे आहेत! ते मलाही ठाऊक आहे, थेंबांनी सांगायला नको. माणूस एका घरातून उठून दुसऱ्या घरात जाऊन बसतो, तो बरं वाटावं म्हणूनच ना... मिझुएने मान हलवली आणि आपल्या वाडग्यातला भात काड्यांनी उगाच इकडून तिकडे केला. समोर, तोमोहारु दरवर्षी बसायचा त्या जागी, त्याचं ताट मांडलेलं होतं. भात, मुळ्याचं लोणचं, भाजलेल्या माशाचा तुकडा आणि तो झाकणाचा वाडगा. गादीवर कुणी नाही. गादी मात्र आईने ती यायच्या आधीच उन्हात घालून फुगवून ठेवली होती.

घरातलं माणूस परगावी असलं की घरच्यांनी त्याचं ताट मांडायचं, म्हणजे तिकडे तो उपाशी राहत नाही. त्या ताटाला म्हणायचं सावलीचं ताट. जेवण संपत आलं की त्याच्या वाडग्यावरचं झाकण उचलायचं, आतून वाफेचे थेंब धरलेले असले की माणूस सुखरूप. आणि मग ते ताट घरच्यांनी खाऊन टाकायचं. आता गावात हे कुणी करत नाही. शेजारची इगाराशीकाकू तर तोंडावर हसते. पण आईला परवा स्टेशनवर नुसतं "त्यांना सुट्टी नाही मिळाली" एवढं म्हटलं मात्र, तिने घरी येऊन पदर खोचल्यासारखी कंबर कसली आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून वाडगा काढला. त्यांना नाही तर नाही, त्यांच्या सावलीला तरी वाढते, म्हणाली.

खोटं मीच बोलले होते, आता त्या खोट्याला रोज तीन वेळा जेवू घालणं आलं.

वाक्य तयार होतं. कावासाकीहून निघताना गाडीत बसल्या बसल्या तिने ते जुळवून ठेवलं होतं, चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला नंबर वाढल्याचं सांगते तशा शांत आवाजात — आई, तोमोहारु फेब्रुवारीपासून घरी नाही. एवढंच. पण खिडकीबाहेर पाणी भरलेली शेतं आली, पलीकडे गास्सान डोंगराच्या माथ्यावर अजून राहिलेलं बर्फ आलं, आणि स्टेशनच्या दारात आई आली, आपल्या रबरी बुटांत, तिच्या डोक्यावरून मागे बघत, दुसरं कुणीतरी उतरतंय का ते शोधत. वाक्य जे घशात गेलं ते गेलंच.

"मिझुऽ! उठलीस का गं?"

दारातून हाक आली ती इगाराशीकाकूची. काकू आत येईपर्यंत थांबत नाही, आवाज आधी येतो. हातात टोपली, टोपलीत बांबूचे कोंब, काळसर सालीचे, मुळांशी अजून ओली माती. पहाटे खणलेले. जमिनीतून टोक वर यायच्या आत, पायाच्या तळव्याला नुसता उंचवटा लागला की खणायचे, उन्हाचं तोंड बघितलं की कडू होतात.

"एकटीच आलीस ती? जावईबापूंना काय कपाटात कोंडून आलीस?"

"कामाचा रगाडा आहे, काकू."

"जळ्ळं ते काम! गेल्या वर्षी याच ओट्याशी उभं राहून तीन वाडगे हाणले होते त्यांनी, चौथ्याला लाजले. मी म्हटलं लाजताय काय, बांबूचं बन माझं आहे, तुमच्या सासूचं नाही. आता या वर्षी माझे कोंब कुणाच्या पोटात घालू?"

"माझ्या घाल," मिझुए म्हणाली.

"तुझ्या पोटात काय मावणार, काडी झालीस नुसती! काय गं, तिकडे उपास करतेस की काय?" काकूने तिच्या दंडाला चिमटीत धरून बघितलं आणि आईकडे वळून म्हणाली, "हिला आधी वाढ. सावलीला मग."

आई हसली. मिझुएही हसली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लोणच्याच्या तिखट मुळ्यावर ढकललं.

काकू गेल्यावर मायलेकी ओट्याशी कोंब सोलत बसल्या. एकावर एक साली, बाहेरच्या जाड, लव असलेल्या, बोटांना खाजवणाऱ्या, मग आतल्या पातळ, मग पांढरट, मग हातात येतं ते एवढंसं कोवळं. किती काढून टाकायचं आणि उरतं किती... लहानपणी याचा तिला राग यायचा. आईने पातेल्यात पाणी ठेवलं, तळलेला टोफू कापला, भिजवलेले मशरूम पिळले. सोयाबीनचं आंबवलेलं मिसो आणि साके गाळून उरलेला तांदळाचा चोथा एका वाडग्यात कालवून ठेवला, त्याचा आंबूस गोड वास घरभर झाला. वर्षातून तीनच आठवडे या घराला हा वास असतो. मी कावासाकीत दोनदा करून बघितलं होतं हे सार, दुकानातून आणलेल्या कोंबांचं. तोमोहारु म्हणाला होता, चांगलं झालंय. एक वाडगा खाऊन म्हणाला होता.

"तुकडे मोठे कर," आई म्हणाली. "तोमोहारुसानना मोठे लागतात."

सुरी क्षणभर थांबली... आणि मग मोठे तुकडे करायला लागली. हाताला अजून त्याचंच ऐकायची सवय.

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती ती. टेबलावरच्या शेगडीवर पातेलं रटरटत होतं, कोबी, मासा, टोफू, नेहमीचंच, आणि त्याने काड्या हळूच खाली ठेवल्या — ठेवल्या, टाकल्या नाहीत, टाकल्या असत्या तर भांडता आलं असतं — आणि म्हणाला, "घरी आलो की माझी भूक मरते, मिझुए." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "मीठ कमी झालंय का?" त्याच्याकडे बघत मिठाची बरणी पुढे केली मी! नंतर त्याने त्या बाईचं नाव सांगितलं, त्याच्या ऑफिसातली, मला माहीत असलेली. ते सगळं नंतर. पण रात्री-बेरात्री मला जे आठवतं ते नाव नाही, ती बरणी आठवते. आणि तेव्हाही मनात काय आलं तर, मे महिना येऊ दे. मेमध्ये घरी नेऊ याला, आईच्या हातचं सार पोटात गेलं की येईल भूक परत. इतकी मी खुळी. फेब्रुवारी संपायच्या आत त्याने बॅग भरली होती.

"आई —"

"चव बघ गं जरा. मिसो लागेल का अजून?"

आईने पळी पुढे केली. मिझुएने फुंकर मारून घोट घेतला, मग पळीतला कोंबाचा तुकडा दातांखाली धरला. कुरकुरला आणि विरघळला. आत कुठेतरी मातीचा, पावसाळलेल्या रानाचा गोडवा, वरून चोथ्याची ऊब... आणि तिच्या पोटात भूक अशी काही उसळली की तिला ओट्याला धरावं लागलं. फेब्रुवारीपासून तिला कशालाच चव लागली नव्हती, भात म्हणजे नुसतं चावायचं काहीतरी होतं. आणि आता ही जीभ, बेइमान, लाज सोडून म्हणत होती, अजून दे.

"नको," ती म्हणाली. "बरोबर आहे सगळं."

दुपारी ताटं मांडली. सार, कोंबांचा भात, अक्रोडाच्या वाटणात घोळलेली नेच्याची गुंडाळलेली टोकं. आईने पहिल्यांदा देव्हाऱ्यात बाबांच्या फोटोपुढे भाताची मूद ठेवली, घंटा वाजवली. मग उकळत्या पातेल्यातली पळी थेट तोमोहारुच्या वाडग्यात रिकामी केली आणि वाफ जायच्या आत झाकण ठेवलं.

हे उकळतं ओतणं तिचं जुनं आहे. बाबा हिवाळाभर तोक्योला असायचे, बोगदे खणायच्या कामावर. शेतं बर्फाखाली गेली की इथले बरेच पुरुष जायचे. तेव्हा हाच वाडगा बाबांचा होता, आणि झाकण उचलायचं काम माझं. मी दोन्ही हातांनी उचलायची आणि ओरडायची, "आहेत! थेंब आहेत!" एकदा नव्हते. झाकण कोरडं. आईने एक शब्द काढला नाही, गवताची टोपी घातली आणि बर्फातून दुकानापर्यंत गेली, फोन तिथेच होता. बाबा तिकडून फोनवर पोट धरून हसले म्हणे... अगं, सार गार असेल, मी इथे घोड्यासारखा जेवलोय. आई परत आली ती भुवयांवर बर्फ घेऊन, रडत आणि हसत. त्या दिवसापासून ती उकळतंच ओतते. गार साराला कारण म्हणून जागाच ठेवत नाही.

दाराशी पुन्हा काकूचा आवाज आला. सणाच्या सासामाकीसाठी, पानात बांधून शिजवायच्या चिकट भातासाठी, बांबूची पानं आणली होती, आणि राखेच्या पाण्यात तांदूळ किती वेळ भिजवायचे यावर दोघींचा दर वर्षी वाद होतो तो फाटकाशी सुरू झाला.

"आलेच हं," आई बाहेरून म्हणाली. "थांबू नकोस, सुरू कर तू."

आईचं 'आलेच' म्हणजे काय ते मिझुएला माहीत होतं. ती सावलीच्या ताटासमोर एकटी बसून राहिली.

बाबांची जागा आता देव्हाऱ्यात आहे. गेलेल्यांना देव्हारा आहे, दूर असलेल्यांना टेबलाशी गादी आहे. सोडून गेलेल्या माणसाचं ताट कुठे मांडायचं, ते या घरात कुणी ठरवून ठेवलेलं नाही. म्हणून तो इथे बसलाय, फुगवलेल्या गादीवर, आणि सगळ्यात आधी, सगळ्यात गरम त्याला वाढलंय. आता जेवण होईल, आई झाकण उचलेल, उजेडात धरेल आणि म्हणेल, बरे आहेत... बरे आहेत, बरे आहेत, तिसऱ्या दिवशीही बरे आहेत! आणि मी? माझ्या वाडग्याला झाकण नाही. मी कशी आहे ते कुणी उजेडात धरून बघत नाही.

तिने झाकण उचललं. वाफ तोंडावर आली. झाकण बाजूला ठेवून ती काड्यांनी सार ढवळत राहिली, शांतपणे, वर-खाली, फाटकाशी आईचं "नाही गं, रात्रभर!" चाललेलं असताना, वाफ बारीक होत होत संपेपर्यंत. कोंबाचे मोठे तुकडे तळाशी जाऊन बसले. मग खिशातून चष्म्याच्या काचा पुसायचा मऊ रुमाल काढला, तो तिच्या खिशात असतोच, आणि झाकण आतून पुसलं. कडेपासून मध्यापर्यंत, गोल गोल, काचेवर डाग राहू नये म्हणून पुसते तसं. एक थेंब ठेवला नाही. झाकण वाडग्यावर परत ठेवलं तेव्हा तिला फार बरं वाटलं. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आई आली, जेवणं सुरू झाली. मिझुए जेवली. भातही दुसऱ्यांदा घेतला, सारही. आई तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती, सुखावली होती. नेच्याची कोवळी टोकं दातांखाली तुटत होती, अक्रोडाचा कडवट गोडवा जिभेवर राहत होता, आणि मी खात होते, अधाशासारखी, समोरच्या झाकणाकडे न बघता.

"बघू या," म्हणत आईने हात पुसले आणि झाकण उचललं.

उजेडाकडे धरलं. तिरकं केलं. बोटाने आतून चाचपलं.

"कोरडं आहे," ती म्हणाली. हात वाडग्याला लावून बघितला. "गारठलंय गं. एवढ्यात? मी उकळतं ओतलं होतं, मिझु, तू बघितलंस ना? उकळतं होतं."

आणि इथे जे झालं त्याचा मिझुएने हिशेबच धरला नव्हता. आईचा चेहरा उतरेल हे तिला ठाऊक होतं, तेच तर हवं होतं. पण त्या कोरड्या, चकचकीत तांबड्या गोलाकडे बघताना तिच्याच छातीत धस्स झालं. मीच पुसलंय. माझ्या हाताने पुसलंय, रुमाल अजून खिशात ओला आहे... आणि तरीही. त्याला सकाळी चालताना धाप लागायची. डॉक्टरकडे जा म्हटलं की 'बघू' म्हणायचा. तिकडे कुणी आठवण करत असेल का त्याला?

"फोन कर त्यांना."

"आई, असू दे, गार झालं असेल —"

"फोन कर म्हणते ना!" आई उठली पण होती. पॅसेजमधल्या फोनवरच्या भिंतीला मोठ्या आकड्यांत लिहून चिकटवलेला नंबर तिने एकेक आकडा दाबत लावला. कावासाकीच्या घरचा. सुट्टी नाही म्हणजे निदान जेवायला तरी घरी येत असतील, एवढा तिचा विचार.

घंटा वाजत होती, रिसीव्हरमधून बारीक ऐकू येत होती. मिझुए बसल्या जागेवरून ती ऐकत होती, आणि तिकडचं घर तिच्या डोळ्यांपुढे आलं. ओढलेले पडदे, दाराशी सपातांचा एकच जोड, ओट्यावर पालथा घातलेला एक पेला, आणि त्या सगळ्यावर ती घंटा. वाजतेय, वाजतेय. माझ्या घरी मलाच फोन चाललाय.

"उचलत नाहीत," आई म्हणाली. तिचा आवाज पातळ झाला होता. "मिझु, उचलत नाहीत गं."

"तिथे कुणी नाहीये, आई." इतक्या दिवसांचं जुळवलेलं वाक्य आलंच नाही, भलतंच आलं. "मी इथे आहे ना. तिथे आता फक्त मी राहते."

आईने रिसीव्हर लगेच ठेवला नाही. घंटा अजून थोडी वाजली. मग तिने तो दोन्ही हातांनी जागेवर ठेवला आणि वायर नीट केली.

"कधीपासून?"

"फेब्रुवारी."

आई येऊन समोर बसली. बाहेर पाणी भरलेल्या शेतांत बेडूक ओरडत होते, भर दुपारी. मग तिने विचारलं, "जेवतो कुठे?"

पहिल्यांदाच तिने त्याला एकेरीत आणलं होतं. आणि विचारलं काय, तर जेवतो कुठे! मिझुएला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचं मध्येच दुसरंच काही झालं, तोंडावर हात दाबून ती रडली, मोठ्याने, खांदे हलवत, लहानपणी रडायची तशी. आईने हाताला लागलं ते फडकं पुढे केलं. त्याला कोंबांचा वास होता.

"दुसरीकडे जेवतो," ती फडक्यात म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडे. आणि सार मी गार केलं, आई. झाकण मी पुसलं. तुझं सारखं बरे आहेत, बरे आहेत..."

"हं," आई म्हणाली. तिने झाकण पुन्हा हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. "तरीच. डाग नाही एकही." आणि थोड्या वेळाने, "मला तुझ्यासाठी मांडायला हवं होतं गं ताट. इतके महिने."

मिझुएने फडकं डोळ्यांवर दाबून धरलं.

"आणि तो? बरा आहे ना?"

"मला माहीत नाही," मिझुए म्हणाली. म्हणाली आणि थबकली, कारण ते खरं होतं. इतका वेळ आपल्याला माहीत आहे असंच ती धरून चालली होती. तो बरा आहे, मजेत आहे, भूक लागतेय त्याला, या एका गोष्टीवर तिचा सगळा राग उभा होता. आणि ती गोष्ट तिला कुणी सांगितलेली नव्हती.

आईने सुस्कारा सोडला. "उचलते मग हे," म्हणून ताटाला हात घातला, गादी पायाने जरा बाजूला सारली. मिझुएचा हात तिच्या आधी ताटावर गेला.

"राहू दे."

"अगं —"

"राहू दे म्हणते ना."

तिने वाडगा उचलला, ओट्याशी नेला, सार पातेल्यात परत ओतलं. गॅस मोठा केला. मला काय करायचंय त्याचं? मरेना का तिकडे... नको, मरेना का असं नको. तिने जीभ चावली. पातेलं बुडबुडायला लागलं, मग रटरटायला लागलं, तरी ती थांबली, अजून थोडं, अजून थोडं. कोंबाचे मोठे मोठे तुकडे निवडून वाडग्यात घातले, वरून उकळतं सार, आणि वाफ जायच्या आत झाकण. हात भाजला. वाडगा आणून तिने त्या रिकाम्या गादीपुढे ठेवला आणि गुडघे दुमडून समोर बसली, लहानपणी झाकण उचलायला बसायची तशी.

आई तिच्याकडे बघत राहिली. काकूने आणलेली पानं तिने जवळ ओढली आणि एकेक पान पुसून एकावर एक ठेवायला लागली.

मी याला माफ केलेलं नाही. करणारही नाही कदाचित. तो परत आला तर दार उघडेन की नाही, ते मला आज सांगता येणार नाही. पण थेंब असू देत. माझ्या घरी त्याची भूक मेली, ती मेली. कुठेतरी, कुणाच्याही ताटावर का असेना, तो जेवत असू दे... मिझुएला स्वतःची इतकी चीड आली की दात आवळावे लागले. आणि चीड आली तरी ते मागणं काही मागे हटेना.

"उघड आता," आई हळू आवाजात म्हणाली. "गार होईल. मग खाऊन टाक ते, तुझ्याच पोटात जाऊ दे."

"थांब जरा," मिझुए म्हणाली. झाकणावर तिने तळवा ठेवला होता, खालून ऊब लागत होती. "अजून जरा थांब."